रेडिओच्या लायसन्सचे पंधरा रुपये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२३ जुलैच्या राष्ट्रीय प्रसारण दिनानिमित्त आपल्या रविवार पुरवणीत आलेला, भारतातील रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या वाटचालीवरचा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे आणि त्यातील सनावळीबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या मांडणीबद्दल. हे माध्यम सरकारने जन्माला घातले, सरकारनेच ते चाळीस-पन्नास वर्षे दावणीला बांधून ठेवले आणि १९९१ नंतर बाजाराने ते मोकळे केले, अशी ती मांडणी आहे. अलीकडे ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली जाते की तीच खरी वाटू लागली आहे. या गोष्टीत एका माणसाचा पत्ताच नाही, आणि तो म्हणजे पदरचे पैसे मोजून रेडिओ ऐकणारा श्रोता. टपाल खात्यात नोकरी करताना हा माणूस मी काउंटरच्या पलीकडे काही वर्षे रोज पाहिला असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

पहिली दुरुस्ती जन्मकथेची. या देशात रेडिओ सरकारने सुरू केला नाही. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्याच्या क्लबने हौसेखातर प्रसारण केले. मद्रासचा क्लब १९२४ मध्ये त्यांच्या रांगेत आला. पुढे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खासगी कंपनी उभी राहिली आणि २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते तिच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. ज्या तारखेचा आपण दिन पाळतो ती तारीख एका खासगी कंपनीची आहे, हे आपल्या लेखात एका ओळीत उरकले आहे. खरे तर सगळी गोम तिथेच आहे, कारण ही कंपनी तीन वर्षेही टिकली नाही. १ मार्च १९३० रोजी तिचे दिवाळे वाजले.

ते का वाजले, हे पाहण्यासारखे आहे. कंपनीचे अधिकृत भांडवल १५ लाखांचे होते. प्रत्यक्षात उभे राहिले ६ लाख, आणि त्यातला मोठा भाग मुंबई व कलकत्ता ही दोन केंद्रे उभारण्यातच गेला. प्रक्षेपक अवघे दीड किलोवॉटचे, म्हणजे शहराबाहेर तीस मैलांपलीकडे धड काही ऐकू यायचे नाही. उत्पन्नाच्या वाटा दोनच होत्या. रेडिओ बाळगणाऱ्याने वर्षाला १० रुपयांचे लायसन्स घ्यायचे, त्यातील ८ रुपये कंपनीला मिळायचे. शिवाय परदेशातून येणाऱ्या रेडिओ साहित्याच्या किमतीवर शेकडा दहा टक्के. लोकांनी लायसन्स चुकवले, व्यापाऱ्यांनी टक्के चुकवले. कंपनी मेली त्या सुमारास साऱ्या देशात आठ हजारसुद्धा लायसन्सधारक नव्हते. मात्र कोणाच्या माडीवर चोरून एरियल लावले आहे हे शोधत फिरण्याचा अधिकार खासगी कंपनीला नव्हता, आणि ज्या सरकारला तो होता त्याला या धंद्यात तेव्हा रस नव्हता.

१ एप्रिल १९३० पासून सरकारने केंद्रे चालवायला घेतली ती मोठ्या नाखुशीने. मंदीचे दिवस होते. ऑक्टोबर १९३१ मध्ये तर सरकारने ही सेवा गुंडाळायचाच निर्णय केला होता. लोकांनी, विशेषतः बंगालमधल्या लोकांनी आणि रेडिओच्या व्यापाऱ्यांनी इतका आरडाओरडा केला की दीडेक महिन्यात तो फिरवावा लागला. मग रेडिओ संचांवरील आयात जकात दुप्पट, म्हणजे शेकडा ५० करण्यात आली आणि खर्चाची तोंडमिळवणी झाली. डिसेंबर १९३२ मध्ये बीबीसीची एम्पायर सेवा सुरू झाली, ती ऐकण्यासाठी इथल्या साहेबलोकांनी संच घेतले, आणि १९३३ च्या वायरलेस कायद्याने विनापरवाना संच नुसता जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवला. १९३२ अखेरीस साडेआठ हजारांच्या आसपास असलेली लायसन्सची संख्या १९३४ अखेरीस सोळा हजारांवर गेली. तेव्हा रेडिओ सरकारकडे गेला तो विचारांवर ताबा ठेवण्याच्या काही फार मोठ्या बेतामुळे नव्हे. ऐकणाऱ्याकडून पैसे वसूल करणे दुसऱ्या कोणालाच जमत नव्हते, म्हणून तो गेला. ताबा ठेवण्याची गोडी नंतर लागली.

१९३५ च्या ऑगस्टमध्ये बीबीसीचा लायनेल फील्डन प्रसारण नियंत्रक म्हणून आला. 'इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस' हे बोजड नाव त्याला खटकत होते. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याशी बोलता बोलता, नवे नाव जणू त्यांनाच सुचले आहे अशा बेताने त्याने 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव त्यांच्या गळी उतरवले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. ८ जून १९३६ पासून ते नाव लागू झाले. 'आकाशवाणी' हे नाव मात्र सरकारी नाही. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्या घरातून लहानसे केंद्र सुरू केले होते, त्याचे हे नाव. ऑल इंडिया रेडिओने ते १९५७ मध्ये घेतले. थोडक्यात, एक नाव इंग्रज अधिकाऱ्याने व्हाइसरॉयच्या तोंडून वदवलेले आणि दुसरे एका हौशी प्राध्यापकाचे.

ताब्याची गोडी कशी असते ते मुंबईने १९४२ मध्ये पाहिले. युद्ध सुरू होताच, १९३९ मध्ये, हौशी प्रसारकांचे परवाने रद्द झाले होते आणि यंत्रे जमा करण्याचे हुकूम सुटले होते. तरीही २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवरून 'भारत छोडो' चळवळीचा गुप्त काँग्रेस रेडिओ बोलू लागला. तो चालवणाऱ्या मंडळींतल्या उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. पोलिसांच्या शोधगाडीला ठावठिकाणा लागू नये म्हणून मंडळी जागा बदलत राहिली आणि १२ नोव्हेंबरला पकडली गेली. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा होऊन येरवड्याला पाठवण्यात आले. बरोबर पाच वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९४७ रोजी, गांधीजी दिल्लीच्या प्रसारण भवनात आले आणि कुरुक्षेत्राच्या छावणीतील निर्वासितांशी रेडिओवरून बोलले; ते तिथे आले ते तेवढे एकदाच. या दिवसालाही आता लोकसेवा प्रसारण दिन म्हणतात. दोन्ही घटनांची तारीख एकच आहे, याची आठवण मात्र सहसा कोणी काढत नाही.

फाळणीत लाहोर, पेशावर आणि ढाका ही केंद्रे पाकिस्तानात गेली. आपल्याकडे दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली अशी सहा उरली. देशाच्या शेकडा अडीच भूभागावर आणि शेकडा ११ लोकांपर्यंत आवाज पोचत होता. नागपूर १९४८ मध्ये आले आणि पुणे २ ऑक्टोबर १९५३ रोजी. विस्ताराची ही पुढली हकीगत आपल्या लेखात आली आहे, ती पुन्हा सांगत नाही. मला बोलायचे आहे ते त्याच काळातल्या एका विसंगतीबद्दल.

लायसन्सचे पैसे भरणाऱ्याला आपण काय ऐकावे याबद्दल काडीचाही अधिकार नव्हता. १९४० पासून तीसेक वर्षे हार्मोनियम आकाशवाणीवर वर्ज्य होती. कारण शास्त्रोक्त होते: पेटीचे सूर पक्के बांधलेले, त्यात सुरांमधल्या बारीक बारीक श्रुती कशा निघणार? या युक्तिवादात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पण ज्या महाराष्ट्राचे नाट्यसंगीत ऑर्गनवर आणि पेटीवर पोसले, ज्याच्या कीर्तनात नि भजनात पेटी नसेल तर चुकल्याचुकल्यासारखे होते, त्या महाराष्ट्रातील श्रोत्याला कोणी विचारले होते काय? पुढे १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती मंत्री झाले. हेही मराठीच. त्यांनी शास्त्रीय संगीतासाठी केलेले काम मोठे आहे, यात शंका नाही. परंतु चित्रपटगीतांवर त्यांनी अशी काही कात्री चालवली की निर्मात्यांशी वाद होऊन ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केले? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावले. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेला कोलंबोचा जोरकस प्रक्षेपक त्या कामी आला, आणि दर बुधवारी रात्री निवेदक अमीन सयानींचा आवाज ऐकण्यासाठी उभा देश कान लावून बसू लागला. दिल्लीला शहाणपण यायला ३ ऑक्टोबर १९५७ उजाडावा लागला. त्या दिवशी विविध भारती सुरू झाली.

इथे माझ्या काउंटरवरचा एक प्रसंग सांगतो. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मी पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी टपाल कार्यालयात कारकून होतो आणि रेडिओ लायसन्सचे काम माझ्याकडे होते. तरुण वाचकांना सांगायला हवे, की त्या काळी घरात रेडिओ असेल तर टपाल कार्यालयातून लायसन्सचे पुस्तक काढावे लागे. ते बचत बँकेच्या पासबुकासारखे दिसे. त्यावर मालकाचे नाव, पत्ता, संचाची कंपनी आणि क्रमांक. दरवर्षी पैसे भरले की आत लायसन्सची खास तिकिटे चिकटवायची आणि त्यावर तारखेचा शिक्का मारायचा. रेडिओला वर्षाचे १५ रुपये आणि दूरचित्रवाणी संचाला ५०. एका वर्षी नूतनीकरणाच्या दिवसांत एक शेतकरी आला. पुस्तक पुढे सरकवले, पण नोटा मुठीतच धरून मला विचारता झाला, "साहेब, आम्ही तर निस्तं सिलोन ऐकतो. मग ह्ये पैसं दिल्लीला कशापायी?" रांगेतली माणसे हसली. मीही हसलो, ठप्पा मारला आणि पुस्तक परत दिले. त्याला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते. सिलोनला त्याच्याकडून एक पैसा जात नव्हता, त्याचा खर्च टूथपेस्टवाले भागवत होते. आणि ज्यांना तो १५ रुपये देत होता त्यांनी त्याला काय आवडते हे कधी विचारले नव्हते.

लायसन्स इन्स्पेक्टर गावात आला की बातमी त्याच्या पुढे धावे. ट्रान्झिस्टर धान्याच्या कणगीत जात, उतरंडीमागे जात, एकदा तर न्हाणीच्या चुलीत ठेवलेला सापडला, तोही थंड चुलीत असे मालकाने दोनदा बजावून सांगितले. लोक कर चुकवतात तसेच लायसन्स चुकवत. पण जे भरत ते ते पुस्तक घराच्या कागदांत, सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवत. 'आमच्याकडे रेडिओ आहे' याचा तो सरकारी शिक्क्याचा पुरावा असे, आणि काही घरांत त्याचा थोडा अभिमानही असे.

ऐकणाऱ्याला विचारण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नव्हे. तो झाला आणि आपल्याच भागात झाला. आपल्या लेखात त्याचा उल्लेख नाही याचे मला सर्वाधिक वाईट वाटले. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे आकाशवाणीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोता मंडळे उभी केली. प्रत्येक मंडळात वीसेक माणसे. आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि बोलायचे: हे खत आपल्या जमिनीला चालेल का, विहिरीचे काय, उंदरांचा बंदोबस्त कोणी करायचा. जे ठरेल ते आणि जे कळले नाही ते कागदावर लिहून केंद्राला टपालाने धाडायचे, आणि पुढल्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची तपासणी केली. जिथे मंडळे होती आणि जिथे नव्हती अशा गावांची तुलना त्यांनी केली. मंडळे असलेल्या गावांत माहितीत पडलेली भर ठळक होती. या प्रयोगाची कीर्ती जगभर गेली, पुढे ही मंडळे देशभर काढण्यात आली आणि मग सरकारी योजनांचे होते तेच त्यांचे झाले. पण त्या वीस कार्यक्रमांपुरते का होईना, प्रसारण दोन्ही दिशांनी झाले होते, आणि परतीची वाट आमच्या खात्याच्या पोतडीतून जात होती. नेमक्या त्याच सुमारास, १९५५ च्या रामनवमीपासून, याच पुणे केंद्राने वर्षभर 'गीतरामायण' ऐकवले. त्याची थोरवी सर्वांना ठाऊक आहे. माझे म्हणणे एवढेच, की ज्या केंद्राला हे साधले त्याच केंद्राला उंदरांच्या प्रश्नांची उत्तरे देणेही साधले, आणि दोन्ही कामे लोकांनी भरलेल्या लायसन्सवर चालली.

आता दुसरा दाता. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांपासून जाहिराती सुरू झाल्या. म्हणजे आकाशवाणीने जाहिरातदाराचा पहिला पैसा घेतला तो महाराष्ट्रात. दूरचित्रवाणीने तो १ जानेवारी १९७६ पासून घेतला. ही दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत प्रयोग म्हणून सुरू झाली होती. त्या सुरुवातीच्या दिवसांत पु. ल. देशपांडे तिथे निर्माते होते. मुंबईत ती २ ऑक्टोबर १९७२ रोजी आली आणि वरळीच्या मनोऱ्याकडे एरियलची तोंडे वळली. १९७५-७६ मध्ये अमेरिकेकडून वर्षभरासाठी मिळालेल्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी दाखवण्याचा 'साइट' प्रयोग झाला. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून आमच्या तालुक्याला त्याची केवळ वार्ता ऐकायला मिळाली. विक्रम साराभाईंच्या कल्पनेतली दूरचित्रवाणी अशी होती: सगळ्या गावाने मिळून एक संच पाहायचा, विषय शेती, आरोग्य, शाळा.

प्रत्यक्षात आली ती वेगळीच. १९८२ मध्ये रंग आले, आशियाई क्रीडा स्पर्धा आल्या. १९८४ मध्ये जवळजवळ दिवसाला एक या गतीने लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले. त्याच वर्षी ७ जुलैला 'हम लोग' सुरू झाली. कल्पना कुटुंबनियोजनाच्या प्रचाराची आणि प्रायोजक झटपट शिजणाऱ्या नूडल्सची कंपनी. पुढे मालिकेतला प्रचार पातळ होत गेला, नूडल्स मात्र घरोघर रुजल्या. जाहिरातदार एवढे पैसे देतो आहे म्हटल्यावर टपाल कार्यालयात पंधरा-पंधरा रुपये गोळा करण्यात सरकारला राम वाटेना. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर लायसन्सची पद्धत बंद झाली. आमच्या कार्यालयात उरलेली तिकिटे मोजून मुख्य कचेरीकडे परत पाठवली तो दिवस मला आठवतो. लोक खूश होते. मीही होतो, कारण माझे एक रटाळ काम कमी झाले होते.

आता वाटते, त्या दिवशी आणखी काहीतरी गेले. लायसन्स होते तोवर श्रोता निदान खातेदार तरी होता. त्याचे नाव नोंदलेले होते, त्याचा हिशेब होता, आणि 'हे पैसे दिल्लीला कशापायी' हे विचारण्याचा त्याला हक्क होता, उत्तर मिळो वा न मिळो. पुढे स्वायत्ततेचा जो वाद झाला तो सरकार आणि प्रसारणसंस्था यांच्यातला झाला, त्यात खातेदार कोठेच नव्हता. हा वाद तसा जुना होता. सरकारने नेमलेल्या चंदा समितीने १९६६ मध्ये आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी वेगळ्या करून त्यांना स्वायत्त महामंडळे द्यावीत असे सुचवले. त्यातले वेगळे करणे तेवढे १ एप्रिल १९७६ रोजी झाले. आणीबाणीत या दोन्ही माध्यमांचे काय झाले ते त्या पिढीला सांगायला नको. बी. जी. वर्गीज समितीने १९७८ मध्ये 'आकाश भारती' या स्वतंत्र न्यासाची शिफारस केली, तीही बासनात गेली. १९९० मध्ये संसदेने आकाशवाणी आणि दूरदर्शनसाठी प्रसार भारती या स्वायत्त महामंडळाचा कायदा केला आणि तो अंमलात यायला सप्टेंबर १९९७ उजाडला. सात वर्षे कायदा नुसता छापलेला पडून होता.

दरम्यान ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला त्याला आपल्या लेखाने खासगी वाहिन्यांचा विजय म्हटले आहे. माझी दुसरी दुरुस्ती इथे आहे. वाद १९९३ च्या हिरो कप क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवला होता. सरकारचा आधार होता १८८५ चा तार कायदा. तो झाला तेव्हा मार्कोनी अकरा वर्षांचा होता! न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी लिहिलेल्या त्या निकालाचे सार असे, की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे; तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, आणि तितक्याच स्पष्टपणे, ती ज्याच्याकडे पैसा आहे त्याला वापरायला मोकळी सोडूनही चालणार नाही. तिच्या विनियोगासाठी स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरण हवे. या निकालाचा पहिला अर्धा भाग सगळ्यांनी पाठ केला आणि दुसऱ्या अर्ध्या भागाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

बाजाराने मोकळीक दिली, या मुद्द्यावर थोडेच लिहितो. १९९१ च्या आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहावरून आली, पाठोपाठ इमारतींच्या गच्च्यांवरून तारा ओढल्या गेल्या आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी सुरू झाली. पर्याय वाढले, भाषा वाढल्या, मराठीलाही स्वतःच्या वाहिन्या मिळाल्या. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण रेडिओकडे पाहा. ३ जुलै २००१ रोजी बंगळुरूत पहिले खासगी एफएम केंद्र सुरू झाले, आणि एवढ्या वर्षांनंतरही खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात, एवढेच. ज्या माध्यमाला आपण मोकळे झालेले म्हणतो त्याने दिवसभर गाणी लावावीत आणि गावात काल काय घडले ते सांगू नये, ही मोकळीक अजब आहे. उलट मुक्ततेच्या या साऱ्या काळात श्रोता आणि प्रेक्षक पुन्हा पैसे देऊ लागला. प्रथम महिन्याच्या महिन्याला दारात येणाऱ्या केबलवाल्या पोराला, पुढे सेट टॉप बॉक्सच्या कंपनीला. २०१९ च्या दरपद्धतीत तर पहिल्या शंभर वाहिन्यांच्या नुसत्या वहनासाठी महिन्याला १३० रुपये आणि वर कर असा आकार होता. माझ्या शेतकऱ्याचे वर्षाचे १५ रुपये आठवून पाहा. रुपयाची किंमत घसरली हे मान्य, पण तो त्याचा प्रश्न निदान टपालाच्या कारकुनाला तरी विचारू शकत होता.

लायसन्स परत आणा, असे मी मुळीच म्हणत नाही. ती वसुली किचकट होती, गरीब-श्रीमंत सर्वांना एकच आकार होता आणि इन्स्पेक्टरांच्या हाती नको ते हत्यार होते. पण प्रसार भारती कायद्याचे कलम १७ वाचकांनी एकदा जरूर वाचावे. केंद्र सरकारने महामंडळाला कोणकोणत्या रकमा द्याव्यात हे त्यात सांगितले आहे, आणि त्यातली पहिलीच बाब अशी, की श्रोत्यांच्या आणि प्रेक्षकांच्या लायसन्स शुल्काचे उत्पन्न, असल्यास, वसुलीचा खर्च वजा जाता द्यावे. कायदा १९९० चा, शुल्क त्याआधीच बंद झालेले. त्या 'असल्यास' या शब्दात आमचा तो शेतकरी अजून रांगेत उभा आहे असे मला वाटते. दुसरी बाब सरकारी अनुदानाची, आणि संस्थेचा गाडा मुख्यतः तिच्यावरच चालतो.

आपल्या लेखाच्या शेवटी पुढील भागात 'सोनेरी क्षण' देण्याचे आश्वासन आहे. क्षण जरूर द्यावेत, मात्र जुने ध्वनिमुद्रण नि चित्रण सहज मिळेल या भरवशावर राहू नये. फिती महाग असत, म्हणून जुने पुसून त्यांवरच नवे मुद्रित करण्याचा प्रघात होता, आणि कितीतरी कार्यक्रम असेच गेले. लायसन्सची पुस्तकेही लोकांनी रद्दीत घातली. माझ्या वडिलांचे १९६४ सालचे पुस्तक माझ्याकडे आहे. आत ओळीने चिकटवलेली तिकिटे आहेत, आणि एका वर्षी शिक्का उलटा पडला आहे. छायाचित्रासाठी हवे असल्यास मी ते आपल्या कार्यालयात स्वतः आणून देईन. काम झाल्यावर ते परत मिळावे, एवढी विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त टपाल कर्मचारी